भाई, तुझी ठासणीची बंदूक

भाई,

केप वाजली की नाही, एवढंच मला कोणी धड सांगत नव्हतं. पहिला फोन आला तेव्हा काका म्हणाले, बंदूक पेटलीच नाही. दुसऱ्या फोनला मागून कोणीतरी ओरडलं, आवाज झाला होता, आम्ही ऐकला. मग रडारड, आणि लाईन तुटली. मी वॉर्डच्या फोनपाशी उभी होते. समोरच्या खाटेवरच्या बाईचं सलाईन संपत आलं होतं, ते बदललं. हात आपोआप चालत होते. डोक्यात एकच गोष्ट होती, केप वाजली का. जसं काही ते कळलं असतं तर तू उठून बसणार होतास.

तू गेलास, हे मला अजून नीट कळलेलं नाही. बंदुकीचं तेवढं कळतं, कारण तिच्यावरून आपण आयुष्यभर भांडलो.

बाबा गेल्यावर शेताच्या राखणीचा परवाना तुझ्या नावावर झाला आणि ती बंदूक तुझी झाली. पण तिची ओळख माझी तुझ्याआधीची आहे, हे तू कधी मान्य केलं नाहीस. दारू उन्हात वाळवायला सुपात पसरायची ती मी. कोंबड्या हाकायच्या त्या मी. बाबा नळीत दारू ओतून वर नारळाच्या सोडणाचा काथ्या गजाने ठोकून बसवायचे, मग गोळी, मग पुन्हा काथ्या, आणि गजाचा तो आवाज बदलला की म्हणायचे, आता बसली. मागच्या बोंडावर तांब्याची एवढीशी केप चढवायची, घोडा त्याच्यावर पडला की ठिणगी आत जायची. जायची म्हणजे, गेली तर. पावसाळ्यात घोडा पडायचा आणि नुसतंच टक् व्हायचं, हे मी लहानपणी किती वेळा ऐकलंय. डुक्कर निघून जायचं, आणि बाबा तरीही ती खांद्यावरून उतरवायचे नाहीत. आम्हाला मागे हात करून थांबवायचे. मुकी राहिलेली बंदूक केव्हा बोलेल सांगता येत नाही, म्हणून. नळी मोकळ्या रानाकडे ठेवायची आणि थांबायचं. ते तू बाबांकडून शिकलास. ते तू इतकं पक्कं शिकलास, भाई.

कुवेतला तू माझ्याआधी आलास. लढाई संपून थोडेच दिवस झाले होते, शुवैखच्या गॅरेजांत जळलेल्या गाड्यांचे सांगाडे रचलेले होते म्हणायचास. मी नर्सिंग संपवून आले तेव्हा विमानतळावर तू मालकाची पिकअप घेऊन उभा होतास, आणि अब्बासियाच्या तुमच्या खोलीत पाच बाप्यांनी मिळून माझ्यासाठी सुरमई तळून ठेवली होती. त्यानंतर प्रत्येक शुक्रवारी तू हॉस्टेलच्या गेटवर यायचास. आत यायला परवानगी नव्हती, म्हणून आपण बाहेरच्या कट्ट्यावर बसायचो, आणि पंधरा-वीस मिनिटांत कुठूनतरी बंदूक निघायची. माझ्या मैत्रिणी म्हणायच्या, तुझा भाऊ शिकारी आहे का. मी म्हणायचे, वेल्डर आहे, पण गप्पा ऐकाल तर वाटेल रोज वाघ मारतो.

तुझा मालक अबू नासर अमेरिकेहून ती नवी बंदूक घेऊन आला तेव्हा तर तू सुटलासच. मुलाला भेटायला गेला होता आणि तिथल्या शिकाऱ्यांच्या नादाने ती घेऊन आला. तीही ठासणीचीच, पण नव्या तऱ्हेची. बाहेर घोडा नाही. केप मागच्या झाकणाआड बंद, वाऱ्या-पावसापासून लपलेली, आणि ठिणगी आडवळणाने न जाता सरळ दारूत. दारूसुद्धा मोजून ओतायची नाही, तयार वड्या टाकायच्या. काळा प्लॅस्टिकचा दस्ता, वर दुर्बीण. तू मला हाताने हवेत तिचं चित्र काढून दाखवलंस. कौतुक तर तुझ्या तोंडावर दिसत होतं आणि बोलत होतास तिच्याविरुद्ध. म्हणे, एवढं सगळं झाकून टाकलं तर बिघाड झाला कुठे ते कळणार कसं?

त्या हिवाळ्यात तू मला जहरा गावाच्या पलीकडे, वाळवंटातल्या अबू नासरच्या तंबूवर घेऊन गेलास. आदल्या दिवशी पाऊस पडून गेला होता आणि सकाळी असं धुकं होतं की पिकअपसमोरची चाकोरी दिसत नव्हती. तू सारखा मला बजावत होतास की उतरल्यावर चाकोरी सोडून पाय टाकू नकोस, सुरुंग अजून सगळे निघालेले नाहीत. अबू नासरच्या घरातल्या बायकांनी मला चहा दिला, खजूर दिले, शेकोटीजवळ बसवलं. तुमची पैज लागलेली होती. त्याच्या आजोबांची एक जुनी बंदूक होती, आपल्या घरच्यासारखीच, फक्त नळी लांब. तुम्ही दोघांनी आदल्या संध्याकाळी दोन्ही बंदुका भरून धुक्यात उघड्यावर ठेवल्या होत्या. सकाळी बघायचं, कोणती वाजते.

नवी वाजली. अबू नासरने नुसता चाप दाबला आणि समोरचा तेलाचा डबा उडाला. त्याने तुझ्याकडे बघून मिशीला हात लावला. मग तू जुनी घेतलीस. घोडा पडला, केप तडकली, आणि काहीच नाही. सगळे हसायला लागले. तू हसला नाहीस, हललाही नाहीस. नळी डब्याकडेच धरून उभा राहिलास, डावा हात मागे करून आम्हाला थांबवलंस, अगदी बाबांसारखा. आणि हसणं विरत आलं तेव्हा ती धाडकन वाजली. शेकोटीपाशी बसलेल्या बाईच्या हातातला पेला पडला. डबा काही उडाला नाही, पण तू असा वळलास माझ्याकडे.

“उशिरा वाजली, पण वाजली मां?” तू म्हणालास.

मी तुला परतीच्या सगळ्या रस्त्यावर झाडलं. म्हटलं, उशिरा वाजलेल्या बंदुकीला वाजली म्हणत नाहीत. डबा आहे म्हणून उभा राहिला, डुक्कर उभं राहील का? मी तुला दवाखान्यातलं सांगितलं. आपल्या गावच्या डॉक्टरांची काचेची सिरिंज, पातेल्यात उकळून पुन्हा तीच वापरायची. आपण सगळे तिच्यावरच वाढलो, खरं आहे. पण आता मी पाकीट फोडते, नवी काढते, टोचते, टाकते. माझा जीव शांत राहतो. मला उकळायला पुरेसा वेळ दिला होता का, हा विचार करावा लागत नाही. तू गाडी चालवत ऐकत होतास. मग म्हणालास की पाकिटं संपली तर काय करशील? त्या नव्या बंदुकीची केप आपल्याकडे कुठे मिळणार, मागच्या झाकणाचा आटा गच्च बसला तर आपला लोहार तो काढणार कशाने? आपली बंदूक पावसात रुसते, पण का रुसली ते मला कळतं. जिची खोड माहीत आहे तिच्यावर भरवसा ठेवता येतो, असं तुझं म्हणणं.

आणि महिन्याभराने तू गेटवर नाचत आलास. अबू नासरने ती नवी नीट साफ न करता ठेवून दिली होती, दारूच्या काजळीने मागचं झाकण असं गच्च बसलं की निघेना. ती गॅरेजात तुझ्याच शिकंज्यात आली, घासलेट पाजून, ठोकून, दुपारभर खपून तू ते काढलंस. तुला इतका आनंद झाला होता की तू माझ्यासाठी मिठाई आणली होतीस. मी म्हटलं, ती बंदुकीची चूक नाही, मालकाची आहे. तू म्हणालास, तेच तर मी सांगतोय. कोण कोणाच्या बाजूने बोलतंय तेच दोघांना कळेनासं झालं. मग हसलो. भाई, ते हसणं मला आता ऐकू येत नाही. तुझा चेहरा दिसतो, दात दिसतात, आवाज येत नाही. मी खूप प्रयत्न करते.

मी तुला म्हणत राहिले की ती विकून काडतुसाची बंदूक घे. सरळ काडतूस घालायचं आणि मोकळं व्हायचं. तू म्हणायचास, परवाना बदलून मिळायला माझं म्हातारपण येईल. आणि बाबांची आहे. हे दुसरं तू नेहमी मागाहून आणि हळू म्हणायचास. ते भांडण तसंच राहिलंय. तू गणपतीला गावी निघालास तेव्हाही विमानतळावर मी तेच बोलत होते. तू बॅग ओढत म्हणालास, “बाय, मी पंचखाद्य खाऊक चल्लंय, लढाईक नाय.” आणि आत गेलास.

गणपती गेले. तू थांबलास, भात पिकायला आलं होतं म्हणून. पाऊस हटत नव्हता. कोणाच्यातरी फाशातून सुटलेलं, पाय दुखावलेलं डुक्कर आपल्या मळ्याच्या कडेला झाडीत बसलं होतं. त्याने गवत कापायला गेलेल्या काशीकाकूंना पाडलं. त्या वाचल्या, पण दुसऱ्या दिवशी गावातली माणसं आपल्या ओट्यावर आली. परवान्याची बंदूक वाडीत एकच. तुला कोण अडवणार होतं? वहिनी म्हणते, तिने चहा केला.

पुढचं मला सदाने सांगितलं. तुला लहानपणापासून शेपटासारखा चिकटलेला आपला चुलतभाऊ. तो बरेच दिवस फोनवर यायलाच तयार नव्हता. काकांनी त्याला हात धरून आणून बसवलं तेव्हा तो बोलला, आणि मग थांबेचना.

तो म्हणाला, आधीपासून भरून ठेवलेली बंदूक तू तशीच घेऊन गेला नाहीस. सकाळी त्याच्यासमोर रिकामी केलीस, पुसलीस, चुलीवर गरम केलेल्या फडक्याने नळी कोरडी केलीस आणि नव्याने भरलीस. केपेच्या कडेने मेण लावलंस. झाडीपर्यंत जाताना घोड्यावर कापड बांधलं होतंस. जे जे करायचं ते सगळं केलंस, भाई. हे मला दहादा विचारून घ्यायचं होतं आणि मी विचारलं. कारण मला कोणाला तरी दोष द्यायचा होता, आणि तू सापडला असतास तर तुलाही दिला असता.

माणसं वरून हाकारत आली. तू खाली कुंपणाच्या दगडी भिंतीपुढे, जांभ्याच्या गडग्यापुढे उभा, सदा तुझ्या डाव्या हाताला, हातभर मागे. डुक्कर झाडीतून निघालं ते सरळ तुमच्यावर. तू चाप ओढलास. केप तडकली.

तडकली, भाई. सदाने शपथेवर सांगितलं. मेण बरोबर होतं, केप बरोबर होती. आत ठिणगी गेली आणि दारू पेटेना.

सदा म्हणतो, तेव्हा पळायला वेळ होता. जास्त नाही, पण गडग्यावर चढण्याएवढा होता. तो स्वतः चढायला वळला. तू वळला नाहीस. बंदूक टाकायची तर ती पडता पडता कुठे तोंड करेल, सांगता येत नाही, आणि सदा तिथेच. म्हणून तू ती खांद्याला तशीच धरून ठेवलीस. डावा हात मागे केलास त्याला थांबवायला. मला तो हात दिसतो. जहराच्या धुक्यातला, आणि त्याच्याही आधीचा बाबांचा. मला तो हात दिसतो आणि मी उशी तोंडावर दाबते.

“तो पडल्यावर वाजली गो,” सदा म्हणाला. “पडताना पण तेना नळी माझ्याकडे येऊक दिली नाय. गोळी मातीत गेली. बाय, मी उभो आसय तो तेच्यामुळे.”

मी त्याला काय सांगणार होते? म्हटलं, जेव रे वेळेवर. मोठ्या बहिणीने म्हणायचं ते म्हटलं. फोन ठेवल्यावर मात्र मला तुझा असा राग आला, भाई, की मी हॉस्टेलच्या जिन्यात बसून भिंतीवर मूठ मारली. वाजली मां? घे, वाजली. आता कोणाशी जिंकलास? वळ ना माझ्याकडे. दात दाखव.

मी येऊ शकले नाही. माझा अकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, संपत आला होता, पासपोर्ट कागदपत्रं करणाऱ्या मंदूबकडे, आणि मंदूब कुठल्यातरी ऑफिसात शिक्क्याची वाट बघत. मी त्याच्या दारात जाऊन बसले. त्याला अरबी येतं, मला रडण्यापुरतं हिंदी. तो वाईट माणूस नव्हता, त्याने मला पाणी दिलं, खुर्ची दिली. शिक्का त्याच्या हातात नव्हता. त्या संध्याकाळी गावी तुला अग्नी दिला आणि मी त्या खुर्चीवर बसलेली होते.

अबू नासर मला भेटायला हॉस्पिटलमध्ये आला. पांढरा पायघोळ दिशदाशा घालून वॉर्डबाहेरच्या बाकावर किती वेळ बसला होता कोण जाणे. मी गेले तर उठून उभा राहिला. तुझ्याबद्दल बोलला, तुझा हात, तुझं वेल्डिंग, तुझी चेष्टा. डोळे भरलेले होते त्याचे. मग थोडं थांबून, अपराध्यासारखं, मोडक्या हिंदीत विचारलंनच.

“बंदूक चला, सिस्टर?”

मला वाटलं मी किंचाळेन. सगळ्यांना तेच हवंय. मग कळलं की मलाही तेच हवं होतं, त्याच्याआधी. मी म्हटलं, चला. लेट चला. त्याने खाली बघितलं आणि कितीतरी वेळ मान हलवत राहिला. म्हणाला, ती नवी बंदूक मी तुझ्या भावाला देणार होतो, तो नको म्हणाला, तुमच्या देशात नेता येणार नाही म्हणाला. हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस. तुला दिली असती आणि नेता आली असती, केपा मिळाल्या असत्या, परवाना मिळाला असता, तर तू त्या सकाळी ती उचलली असतीस का? मला वाटतं नसतीस. पण मला हे तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. कट्ट्यावर बसून, पाय हलवत, माझ्या डब्यातलं खाता खाता तू मला खोटं पाडायला हवं होतंस.

अब्बासियाच्या खोलीतल्या माणसांनी तुझं सामान बांधून दिलं. दोन बॅगा. त्यात वहिनीसाठी घेतलेली साडी होती, जी तू गणपतीला न्यायला विसरला होतास. विसरला होतास की दिवाळीसाठी ठेवली होतीस, हे त्यांनाही माहीत नाही. पासपोर्ट आता मिळालाय. मी ही साडी घेऊन जाणार आहे, आणि ती मी वहिनीच्या हातात कशी देणार आहे ते मला माहीत नाही.

काल वहिनीशी बोलले. तिचा आवाज तसाच, वाण्याकडे निघालेल्या बाईसारखा. पंचनाम्याला नेलेली बंदूक पोलिसांनी परत न्यायला बोलावलं तर ती जाणार नाही म्हणाली, कायमची जमा करून घ्या असं तिने लिहून दिलंय. सदा बंदूक मागत होता. ते डुक्कर अजून आहे आणि त्याला ते मारायचंय. वहिनीने त्याला ओट्यावर चढू दिलं नाही. मळ्यातलं भात अर्धं हिरवं होतं, ते तिने कापून गुरांना घातलं. राखायचं काही ठेवायचंच नाही, असं तिने ठरवलं. मी काय बोलणार? तुझा मळा, तुझं भात. मी बरं केलंस म्हटलं.

मी फोन ठेवणार होते.  तेवढ्यात तिने विचारलं, जसं कोणी भाजीचं विचारावं तसं, “बाय, तू हय असतंस तर ते वाचले असते काय?”

भाई, डुकराच्या सुळ्याने तुझ्या मांडीची आतली शीर फाटली होती. सदाने जखम कुठे ते सांगितलं तेव्हाच मला कळलं. जांघेत, मांडीच्या मुळाशी, सगळा भार देऊन मूठ दाबून धरायची आणि दवाखाना येईपर्यंत सोडायची नाही. मी हे केलेलं आहे. इथे, या हातांनी, एका पाकिस्तानी ड्रायव्हरला, त्याच्या स्ट्रेचरवर गुडघे टेकून. तो चालत घरी गेला. तुझ्या भोवती एवढी माणसं होती. त्यांनी तुला पाणी पाजलं, वारा घातला, जखमेवर हळद आणि पंचा बांधला, तुझं नाव घेत जीपपर्यंत उचलून नेलं. ज्यांना जे येत होतं ते सगळं त्यांनी केलं. कोणालाच ठाऊक नव्हतं कुठे दाबायचं.

“नाही वहिनी,” मी म्हटलं. “कोणीही असतं तरी वाचला नसता.”

 ती म्हणाली, “मगे बरा.” आणि तिने फोन ठेवला.

भाई, तू तिला सांगू नकोस.